जित्यांत गायचे नाव

संध्याकाळी मागांचा खडखडाट थांबला की वसाहतीत पाय पाहायची वेळ होत असे. गाढी नदीच्या पलीकडे, आंब्यांच्या जुन्या झाडांखाली बैठ्या खोल्यांची एक ओळ होती. त्या ओळीसमोर बादल्या मांडल्या जात आणि कोमट पाण्यात पाय सोडून म्हातारी माणसे गप्प बसत. मग पाय पुसायचे, तेल चोळायचे आणि समोरच्याच्या मांडीवर ठेवायचे. ज्या तळव्याला काही कळत नाही त्याच्याविषयी त्याच्या मालकाचे मत धरायचे नाही, असा इथला जुना नियम होता. काटा, खडा, भाजल्याचा फोड, चपलेने घेतलेला चावा, असे जे काही शरीर सांगत नाही, ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी सांगायचे.

रोग इथल्या साऱ्यांच्या अंगातून केव्हाच निघून गेला होता. जाताना तो बोटे वाकवून गेला, काहींच्या भुवया घेऊन गेला आणि हातापायांत एक कायमची शांतता ठेवून गेला. पूर ओसरला तरी भिंतीवर पाण्याची रेघ राहते, तसे ते होते.

काशिरामचे पाय जैतू पाहत असे आणि जैतूचे काशिराम. एक उरणकडच्या मिठागरातला आगरी, दुसरा कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरी वाडीतला. बाहेरच्या जगात हे दोघे एका ओट्यावर बसले असते असे नाही. इथे मात्र एकाचा तळवा दुसऱ्याच्या मांडीवर ठेवून त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते.

माधुरी आली तेव्हा जैतू काशिरामची टाच उजेडाकडे वळवून पाहत होता.

"नवरी आली बघ," तो म्हणाला. "पाय आवर तुजे, नायतर लगीन मोडंल."

"माजे पाय बघून तू इतक्या वर्सांत पलाला नायस," काशिराम म्हणाला, "ती काय पलंल?"

माधुरी हसली आणि पायरीवर बसली. तिने पिशवीतून आईने दिलेले, करंजा बंदरावरचे सुके बोंबील काढले. दुसरा, पुठ्ठ्याचा खोका तिने तसाच मांडीवर ठेवला. ती पनवेलच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायची. काशिराम तिच्या आईचा बाप. करंजाडेच्या घरापासून ही वसाहत रिक्षाने जाण्याइतकी जवळ होती. तरी त्या घरात वसाहतीचे नाव कुणी मोठ्याने घेत नसे. "पलीकडे" एवढेच म्हणत.

ती आली होती ते एक गोष्ट सांगायला आणि एक विचारायला. सांगायची गोष्ट अशी, की हळद आठवड्यावर आली होती आणि ठमाबाई घरी येऊन नावे विचारून गेली होती. ठमाबाई ही काशिरामच्याच गावची धवळारीण. हळदीला धवळे गाऊन ती देवांना, समुद्राला, गावदेवीला आणि घरातल्या थोरांना एकेक नाव घेऊन मांडवात बोलावत असे. आधी जित्यांची नावे, मग गेलेल्यांची. जित्यांची नावे नुसती गायची नाहीत, नावाआधी माणसाची ओळख गायची, असा तिचा शिरस्ता. माधुरीचे वडील प्रदीप न्हावा शेवाला कंटेनर यार्डात सुपरवायझर, तर ती त्यांना "लोखंडी पेटाऱ्यांचा धनी" म्हणून गाणार होती. थोरल्या काकांना सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला होता, म्हणून ते "साडेबारा टक्क्यांचे राजे". हे ऐकून काका स्वतःच जास्त हसले होते.

मग ठमाबाईने शोभाच्या बापाचे विचारले आणि शोभा, म्हणजे माधुरीची आई, म्हणाली की त्यांना गेलेल्यांत गा. माझ्या लग्नात गायलीस तसेच.

हे सगळे माधुरीने हळूहळू सांगितले. काशिरामने पाय बदलला. उजवा काढून डावा जैतूच्या मांडीवर ठेवला.

"आणि इच्यारायचं काय होतं?"

"आजा, तुला जित्यांत गायचं तर काय म्हणून गायचं?"

त्याने नदीकडे पाहिले. माघातली गाढी म्हणजे पाण्यापेक्षा दगडच जास्त. मग त्याने एक जुनी हकीकत सांगितली, जी माधुरीने तुकड्यातुकड्यांत कधीकधी ऐकली होती, पण सलग कधीच नाही.

मिठागरात काम करणाऱ्याचे पाय उन्हाळ्यात फुटतात. भेगांत खारे पाणी शिरले की धीट गडीसुद्धा ओठ चावतो. संध्याकाळी माणसे पायांना तेल लावून अंगणात बसतात आणि एकमेकांच्या कण्हण्याची चेष्टा करतात. काशिराम तेव्हा ऐन जवानीत होता. त्याचे लग्न झालेले, शोभा पाळण्यात. आणि त्या वर्षी त्याच्या ध्यानात आले, की आपल्याला मीठ झोंबत नाही. भेग पडो, चिरा पडो, तो ढोपरभर खाऱ्यात उभा राहून हसत असे. गावाने त्याचे कौतुक केले. पोरे त्याच्यामागून येत. पैजा लागल्या. बायका पाण्यावरून येताना म्हणत, भामाच्या घोवाला मीठ भिते. त्यालाही वाटले, हे बळ आहे. दोन हंगाम तो त्या बळावर ताठ चालला. मग पाठीवर एक फिका डाग दिसला, कानाच्या पाळ्या जाड झाल्या, आणि एका सकाळी त्याच्याच चुलत्याने आडवाटेवर त्याला थांबवून तो शब्द उच्चारला.

"कोणता शब्द?" माधुरीने विचारले. तिला तो माहीत होता. तरीही तिला तो त्याच्या तोंडून हवा होता.

"रगतपिती," काशिराम म्हणाला. "त्याच्या आदी मला मीठ भीत होतं. त्याच्यानंतर मानसा भ्यायला लागली. मी तोच व्हतो."

जैतूने तळव्यावरून अंगठा फिरवला आणि सारे ठीक असल्याची मान हलवली.

"ठमीला सांग," काशिराम पुढे म्हणाला, "ज्या शब्दानं मला गावाभाएर काडला, त्याच शब्दानं आत घे. दुसऱ्या कुनाचं नाव घेऊन मी मांडवात येनार नाय. आनि शोभाला जमत नसंल, तर मी येऊन मागं बसंन. मला हलद बगायची हाय, बस."

माधुरीने मांडीवरचा खोका पुढे केला. आत तपकिरी चामड्याचे सँडल होते, पनवेलच्या बाजारातून आणलेले, कडांना नक्षी असलेले. वसाहतीत साऱ्यांच्या पायांत तिथल्याच चांभाराने बनवलेली काळी, मऊ रबराची, रुंद पट्ट्याची चप्पल असे. ती पायांना जपायची, पण माणसाला उघडे पाडायची. पनवेलच्या बाजारात ती चप्पल दिसली की लोक आधी तिच्याकडे पाहत, मग हाताच्या बोटांकडे, मग दुसरीकडे. हे सँडल घालून कुणी कुणाकडे तसे पाहणार नव्हते.

जैतूने एक सँडल हातात घेतला, आतून बोट फिरवले. ते बोटही फारसे काही सांगत नसावे, म्हणून मग गालाला लावून पाहिले. "शिवन कडक हाय," तो म्हणाला. "नवीन पायतान चाय उकळंपर्यंत घालायचं, मग काडून पाय बगायचं. रोज थोडं थोडं. तिथं दिवसभर घालून बसलास, तर कोन बगील तुजे पाय?"

"नातीनं आनलंत," काशिराम म्हणाला, आणि खोका उशाशी नेऊन ठेवला.

*

परतताना आणि पुढचे काही दिवस माधुरी शब्दांचाच विचार करत होती. तिचे शिक्षणच तसे झाले होते. काही दुखले की ती आधी त्याची व्युत्पत्ती शोधायची.

महारोगी. या शब्दात केवढे थोरपण आहे, असे तिला वाटले. महासागर, महाराज, महावृक्ष. आणि त्याच रांगेत, पण कुणी उठून उभे न राहणारा, महारोगी. कुष्ठ हा शब्द जुने पंडित कुरतडून काढण्याच्या धातूकडे नेतात. दुसरे कुणी म्हणतात, जे वाईट रीतीने ठाण मांडून राहते ते कुष्ठ. एका सुगंधी मुळीलाही याच नावाने ओळखतात, आणि ती औषधात घालतात. शब्दाने माणसाला एका खोलीत डांबावे आणि स्वतः शेजारच्या खोलीत अत्तर लावून बसावे, तसे ते तिला वाटले.

पण सगळ्यांत नवल वाटले ते रक्तपितीचे. जुन्या वैद्यकात रक्तपित्त म्हणजे वेगळेच दुखणे: नाकातोंडातून रक्त वाहते ते. त्याचा या बधिर कातडीशी काही संबंध नाही. लोकांनी कधीतरी, कुठेतरी, ते नाव उचलले आणि भलत्याच शरीराला चिकटवले. ज्यांच्या जखमांतून कळसुद्धा उमटत नव्हती, त्यांच्या वाट्याला दुसऱ्या कुणाच्या वाहत्या रक्ताचे नाव आले. पत्ता चुकलेला शब्द पिढ्यान्‌पिढ्या त्याच दारात पडून राहिला होता. आणि तिचा आजा म्हणत होता, तोच घेऊन ये.

कार्यालयीन भाषेतले शब्द स्वच्छ होते. माजी रुग्ण, रोगमुक्त, बाधित व्यक्ती. ते धुतलेल्या काचेसारखे होते. त्यांना ना वास होता ना भीती, आणि त्यांना चालही लागत नव्हती. धवळ्यात "बाधित व्यक्ती" कशी गाणार?

एका दुपारी आई धान्य पाखडत असताना तिने विषय काढला. शोभाचा आवाज चढला नाही. शोभाचा आवाज सहसा चढत नसे. तिने फक्त आपल्या लग्नानंतरची गोष्ट पुन्हा सांगितली. सासरी सांगितले होते, बाप समुद्रात गेला. मग कुणीतरी खरे सांगितले. त्या दिवशी कुणी भांडले नाही, कुणी माहेरी पाठवले नाही. फक्त दुसऱ्या सकाळी तिचे ताट, वाटी आणि तांब्या मोरीजवळच्या वेगळ्या फळीवर ठेवलेले तिला दिसले. माधुरीच्या जन्मापर्यंत ते तिथेच राहिले. प्रदीपने एकदा ती भांडी उचलून बाकीच्यांत मिसळली, म्हणून ती त्या माणसाला आजवर वाकडा शब्द बोलू शकली नव्हती.

"तुझं ताट मला त्या फळीवर नकोय," शोभा म्हणाली.

"आई, तो जिवंत आहे."

"मला माहीत नाही का? वर्षातून दोनदा मी बोंबील घेऊन जाते, ते कुणाला?" तिने सूप आपटले नाही, खाली ठेवले. "एक दिवस गेलेल्यांत नाव गायलं तर काय होतं? त्यांना काही दुखत नाही."

हे वाक्य तोंडातून निघाल्यावर ती स्वतःच थांबली. माधुरीही. दोघींनी ते तसेच राहू दिले, आणि सुपातले खडे पुन्हा वेचले जाऊ लागले.

निकेशला, माधुरीच्या होणाऱ्या नवऱ्याला, सारे पहिल्यापासून ठाऊक होते. माझ्या आईला मी सांगतो, असे तो म्हणाला होता, आणि हळदीच्या आदल्या दिवशी त्याने फोनवर कळवले की सांगितले. मग त्या काय म्हणाल्या? तो म्हणाला, "आई वाल सोलत होती. सोलत राहिली." यातून काय समजायचे ते त्यालाही कळले नव्हते.

*

करंजाडेच्या सोसायटीसमोरच्या मोकळ्या जागेत मांडव उभा राहिला. खाली पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या, कडेला खुर्च्या. दोन मोठे स्पीकर कापडाखाली वाट पाहत उभे होते. धवळे संपेपर्यंत त्यांना आवाज नव्हता, असे ठमाबाईने पोरांना दरडावून सांगितले होते. "माजा गला जुना हाय, तुमच्या डब्याला हरनार नाय, पन आज मला पैज नाय लावायची," असे ती म्हणाली होती.

काशिरामला प्रदीपने गाडी पाठवून आणले. पांढरा सदरा, धुतलेले धोतर आणि पायांत तपकिरी सँडल. बोटे त्याने सदऱ्याच्या खिशांत ठेवली होती. त्याने आधी वर घरात जाऊन देवाला डोके टेकायचे ठरवले, आणि लिफ्ट हळदीच्या सामानाने भरली होती म्हणून जिन्याने गेला, जिन्यानेच उतरला. मग मांडवाच्या शेवटच्या खांबाजवळची खुर्ची त्याने स्वतः निवडली. ओळखीचे कुणी भेटले तर तो मान हलवे. गावाकडची दोन म्हातारी माणसे त्याला पाहून चपापली, मग दुरूनच हात जोडून आपल्या जागी बसली. माधुरीने चौरंगावरून त्याच्याकडे पाहिले. तो इतक्या बायकांच्या, इतक्या पिवळ्या रंगाच्या कडेला बसून एखाद्या लहान मुलासारखे सगळीकडे पाहत होता.

सूर्य कलायच्या आत निकेशकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, ती पितळी ताटात होती आणि ताट निकेशच्या आईच्या, रूपाच्या हातात. उंच, रुंद खांद्यांची बाई. तिने साऱ्या मांडवावर एकदा नजर फिरवली. ती नजर शेवटच्या खांबाजवळ थांबली की नाही, हे माधुरीला नीट दिसले नाही.

ठमाबाईने सुरुवात केली. तिचा आवाज उंच नव्हता, लांब होता. भरतीचे पाणी खाडीत शिरते तसा तो बसलेल्या माणसांमधून जागा काढत जाई. देव आले. समुद्र आला. गावदेवी आली. मग घरातले जिते: पेटाऱ्यांचा धनी प्रदीप आला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि साडेबारा टक्क्यांच्या राजाने उठून सर्वांना नमस्कार केला. आत्या आल्या, चुलते आले. ओळ संपत आली. ठमाबाईने पदराने तोंड पुसले. सर्वांना माहीत होते, आता सूर बदलणार; गेलेल्यांना बोलावण्याचा सूर खालचा असतो, तो जमिनीजवळून जातो.

शोभाने मान खाली घातली होती.

तेव्हा काशिराम उठला. आपले नाव मेलेल्यांत ऐकत बसणे त्याला नको असेल, किंवा ते तसे गायले जात असताना मुलीसमोर बसून तिला लाजवणे नको असेल. खुर्ची सावकाश मागे सारून, बसलेल्या बायकांना चुकवत, तो मांडवाच्या दाराकडे चालू लागला. वाट चादरींवरूनच होती.

पहिल्यांदा ते कुणाच्या लक्षात आले नाही. मग कुणीतरी म्हणाले, कुंकू सांडलंय का? पांढऱ्या चादरीवर एक डाग होता, त्यापुढे दुसरा, त्यापुढे तिसरा, आणि ते डाग म्हाताऱ्याच्या मागोमाग चालत होते. तपकिरी सँडलच्या कडेची नक्षी काळी पडली होती. सकाळपासून ती कडक शिवण पायात उतरत गेली असणार, जिना चढताना, उतरताना. आणि तो दिवसभर त्या पायावर सुखाने बसून हळद पाहत होता. मांडव शांत झाला. एका बाईने पदर आवरून घेतला. काशिरामला मात्र फक्त शांतता कळली. आपल्या जाण्याने गाणे अडले असे समजून, तो ओशाळून मागे वळला, आणि तेव्हा त्याने त्या खुणा पाहिल्या. त्याने त्या आपल्या मानायला क्षणभर वेळ घेतला.

माधुरी चौरंगावरून अर्धी उठली होती. तिला तो खोका आठवत होता, आणि सँडल गालाला लावून पाहणारा जैतू.

ठमाबाई मात्र डागांकडेच पाहत होती. खालचा सूर लावण्यासाठी तिने श्वास घेतला होता, तो तिने सोडून दिला.

"मेल्या मानसाचं रगत सांडत नाय, शोभा," ती म्हणाली. "तुज्या लग्नात मी गायलं, तवा तू इनवलंस म्हनून गायलं. तवा ह्यो माज्यासमोर नवता. आता याला गेलेल्यांत कसा गाऊ?"

शोभाने चादरीवरच्या डागांकडे पाहिले.

ठमाबाईने काशिरामकडे तोंड केले. या दोघांनी एकाच तळ्याचे पाणी प्यायले होते. तो पैजा जिंकत होता तेव्हा ती पाण्याची कळशी घेऊन बांधावरून जाणारी पोर होती. "काशिदादा, काय म्हनून गाऊ?"

त्याने शोभाकडे पाहिले. तिच्या परवानगीसाठी पाहिले, की तिची क्षमा मागण्यासाठी, हे सांगता येणार नाही. शोभाची मान हलली, किंचित. नाही म्हणायला हलवतात तशी ती नव्हती.

"माजा शब्द तुला म्हाईत हाय," काशिराम म्हणाला.

ठमाबाईने डोळे मिटले. सूर तिने खालचा नाही, जित्यांचाच धरला, आणि तो धरताना थोडी थांबली, कारण या ओळी तिला कुणी शिकवलेल्या नव्हत्या.

यावं यावं काशिराम, मांडवाच्या दारी,
मीठ ज्याला झोंबलं नाय, त्यो आमचा आगरी,
रगतपिती काशिराम, जिता हाय घरी.

तिसरी ओळ तिने दोनदा गायली. पहिल्यांदा त्या शब्दापाशी तिचा आवाज जरा कापला, दुसऱ्यांदा नाही. मांडवात कुणी शिट्टी मारली नाही. गावाकडच्या त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. निकेशकडच्या बायकांत थोडी कुजबुज झाली. एकीने हातातला सरबताचा पेला न पिता खुर्चीखाली ठेवला, आणि तो शेवटपर्यंत तिथेच राहिला.

सगळ्यांचे लक्ष रूपाकडे होते. ती ताट हातात घेऊन उभीच होती. तिने काशिरामच्या पायांकडे पाहिले, मग ताटाकडे.

"हलद सुकते, बाय," ती ठमाबाईला म्हणाली. "गेलेल्यांची नावं फुडं घे. आमचे पन हायत त्यात." आणि कुणाकडे न वळता जोडून म्हणाली, "त्यांना कोनीतरी पाय धुवायला पानी द्या."

एवढेच ती बोलली. मग तिने माधुरीच्या गालांना, कोपरांना, पावलांना हळद लावली. हात भक्कम होता, थोडा घाईचा. त्या हातात माया होती की नुसता शिष्टाचार, हे माधुरीला तेव्हा ओळखता आले नाही. लग्नानंतर आपले ताट कुठल्या फळीवर असेल, याचा अंदाज त्या हातावरून बांधता येण्याजोगा नव्हता. पण तो हात मागे घेतला गेला नव्हता.

गेलेल्यांच्या ओळीत भामाचे नाव आले. काशिरामची बायको, जिने नवऱ्याला मेलेल्यांत गायले गेल्यावरही कपाळावरचे कुंकू पुसले नाही आणि कुणाला त्याचे कारण सांगितले नाही. ते नाव काशिरामने पुन्हा आपल्या खुर्चीत बसून, मांडवाच्या आत ऐकले.

धवळे संपले, पोरांनी स्पीकरवरचे कापड काढले. चुलत बहीण अंकिता माधुरीच्या दंडावरची हळद पसरवत होती. तिने कानाशी तोंड आणून विचारले, रगतपिती म्हणजे काय? मी कधी ऐकलाच नाही हा शब्द.

माधुरीला सगळे आठवले. कुरतडणारा धातू, सुगंधी मुळी, पत्ता चुकलेले रक्त. त्यातले काहीच तिने सांगितले नाही. एका रोगाचे जुने नाव, ती म्हणाली. आजाला झाला होता, कधीच बरा झाला.

"मग तो शब्द अजून कशाला?"

"त्यानेच मागून घेतला," माधुरी म्हणाली.

अंकिताला यातून काही उमजले नसावे. तिने खांदे उडवले आणि हळदीचा हात स्वतःच्याच गालाला पुसला. माधुरीची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती.

मांडवाच्या शेवटच्या खांबाजवळ शोभा पितळी परात घेऊन आली होती. पाणी कोमट आहे की नाही, हे तिने स्वतःच्या मनगटावर पाहिले. वर्षातून दोनदा ती पलीकडे जात असे, पण ओट्याच्या पायरीवर कधी बसली नव्हती. बोंबील ठेवायचे, विचारपूस करायची आणि उभ्याउभ्याच परतायचे. आज ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, नव्या साडीसकट. सँडल सोडवायला वेळ लागला, कारण पट्टा पायाला चिकटला होता. काशिराम दोनदा म्हणाला, राहू दे, जैतू बघील. तिने पाय पाण्यात धरला, पाणी तांबूस झाले, ते ओतून तिने दुसरे घेतले. मग पदराच्या कोपऱ्याने पाऊल टिपले आणि आपल्या मांडीवर ठेवले. पायाचे वजन किती असते हे तिला ठाऊक नसावे.

"काय दिसतं?" काशिरामने विचारले. रोज संध्याकाळी जैतूला विचारायचा, त्याच स्वरात.

शोभाने तळवा उजेडाकडे वळवला. स्पीकर सुरू झाले होते, पोरी नाचायला धावल्या, आणि त्या गोंगाटात तिला वाकावे लागले. शाळेपासून शहराची भाषा बोलणारी, घरात मुलीच्या तोंडी गावचा शब्द आला तर तो दुरुस्त करणारी ती बाई, बापाच्या पायावर डोळे लावून, जसे दिसले तसे सांगू लागली.

"आंगठ्याच्या बाजूला कातरलंय. खोल नाय. टाच चांगली हाय." तिने जखमेच्या कडेने बोट फिरवले, त्याला ते कळणार नाही हे ठाऊक असूनही अगदी हलक्या हाताने. "दुसरा पाय दे, बाबा."